ध आणि नी यांच्यामधलं आपलं भांडण

रंजनाताई, मी गिटार शिकायला गेले ती तुमच्यापासून लांब जायला. हे तुम्हाला कळलं होतं की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. परवा तुमचं तेरावं झालं. आता विचारायची सोय उरली नाही, म्हणून सांगूनच टाकते.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मनात एकच होतं, की काहीतरी असं करायचं ज्यात तुमचं मत नसेल. लग्न होऊन मी जेल रोडच्या या घरात आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "थोरल्या नणंदेला वन्सं म्हणायचं." मी पंचवटीतली, शिकलेली, माझ्या तोंडात ते बसेना. मी ताई म्हणायला लागले. तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, पण त्या दिवसापासून माझ्यावर लक्ष ठेवलंत. तेव्हा तुम्ही ओझरला होतात. भावजींची विमानाच्या कारखान्यात नोकरी. दर रविवारी तुम्ही बसनं यायच्या आणि संध्याकाळी परत जाईपर्यंत माझ्या घरातली एखादी वस्तू हललेली असायची. कधी लोणच्याची बरणी खालच्या फळीवरून वरच्या फळीवर, कधी देवघराचं तोंडच दुसरीकडे.

बारशाला आत्यानं नाव ठेवायचं ही रीत आहे, मला मान्य आहे. पण कुठलं नाव ठेवायचं हे आपलं आधी ठरलं होतं. तुम्ही पाळण्यात वाकलात, माझ्या लेकीच्या कानात तुम्हाला हवं ते नाव सांगितलंत, आणि मागून बायकांनी तुमच्या पाठीत धपाटे घातले. झालं. मी मृण्मयी ठरवलं होतं, घरात आली कल्याणी. नाव चांगलं आहे, मी कधी नाही म्हटलं नाही. तो मुद्दाच नव्हता.

भावजी गेले आणि तुम्ही आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलात. आम्ही तिसऱ्यावर. रविवारची वाट बघण्याचा प्रश्न मिटला. रोजच रविवार व्हायला लागला.

तर गिटार. आपल्या घरात गाणं म्हणजे तुम्ही. तुमची पेटी, तुमचं भजनी मंडळ, तुमचा कान. म्हणून मी मुद्दाम असं वाद्य निवडलं ज्याच्याकडे तुम्ही ढुंकून बघणार नाही. रोहन सरांचा क्लास एका टेलरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. बाकी सगळी कॉलेजातली मुलं, मी एकटी पिकल्या केसांची. पहिला आठवडा फार सुखात गेला. बोटांच्या टोकांना तार कापत होती, तरी मजेत होते. दुसऱ्या आठवड्यात दार उघडलं आणि तुम्ही आत आलात. सुती साडी, पाठीवर नवीकोरी गिटार.

"सुषमा, सरक जरा," म्हणालात.

मी सरकले. दुसरं काय करणार होते?

पहिल्याच दिवशी तुम्ही सरांना विचारलंत, "पट्टी कोणती?" सर सत्तावीस वर्षांचा मुलगा. पट्टी म्हणजे काय, हे त्याला उमगायला जरा वेळ लागला. "काकू, आपण ए मायनरपासून स्टार्ट करू," तो म्हणाला. तुम्ही मांडीवर बोटं आपटून मनातल्या मनात पेटी मोजलीत. "म्हणजे पांढरी सहा. आमचं मंडळ काळी चारला गातं. पण चालेल." हे 'चालेल' तुम्ही असं म्हणालात, जसा काही सरांनी तुमच्याकडे अर्जच केला होता.

घरी गेल्यावर तुम्हाला चैन पडलं नसणार. मोकळ्या तारा छेडल्या की सहाही तारा आपापलं बोलतात, हे तुमच्या कानाला सहनच होत नव्हतं. पुढच्या वेळी तुम्ही सगळ्या खुंट्या पिळून तारा सा आणि प मध्ये लावून आणल्यात, तंबोऱ्यासारख्या. सरांनी तुमची गिटार घेतली, डाव्या हाताची बोटं ए मायनरच्या जागी ठेवली आणि उजवा हात फिरवला. जो आवाज निघाला तो ऐकून मागची दोन पोरं हसून खाली वाकली.

"काकू, हे ट्यूनिंग कोणी केलं?"

"मी. आता सुरात आहे."

"अहो, सुरात आहे, पण मग ही गिटार नाही ना राहिली!"

तुम्ही ते मनाला लावून घेतलं नाहीत. तारा परत लावून घेतल्यात, पण घरी येताना रिक्षात मला म्हणालात, "त्या पोराला समजावून सांगायला पाहिजे." मी बाहेर बघत होते. हसू आवरत नव्हतं आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. तुमच्याबरोबर असताना माझं नेहमी तसंच व्हायचं.

दिवाळी झाली आणि सरांनी हार्मोनिक मायनर नावाचा स्केल काढला. साधा मायनर तोवर झाला होता. "फक्त सातवा सूर एक फ्रेट वर न्यायचा," सर म्हणाले. "बाकी सगळं सेम. पण फील एकदम चेंज होतो बघा." त्यांनी एकदा खालून वर वाजवून दाखवला. तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "अहो, हा तर कीरवाणी!"

"काकू, तो राग. हा स्केल आहे. यातून कॉर्ड निघतात, मेन पॉइंट तो आहे."

"निघू देत की. पण आहे कीरवाणीच."

हे तुमचा भाऊ वाचेल. त्याला सुरांमधलं काही कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी लिहिते. या स्केलमध्ये ध कोमल आहे, म्हणजे अर्धा सूर खाली उतरलेला, आणि नी शुद्ध. त्यामुळे त्या दोघांच्या मधे मोठी मोकळी जागा पडते, दुसऱ्या कुठल्याही शेजारच्या सुरांमध्ये नाही एवढी. गिटारवर तो ध चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, म्हणजे दांडीवरच्या तिसऱ्या घरात, येतो आणि नी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. म्हणजे तार बदलावी लागते. एका तारेवरून निघायचं आणि दुसऱ्या तारेवर जायचं, मधे काही नाही.

तुम्ही तसं केलंच नाहीत. ध वाजवलात, बोट न उचलता त्याच तारेवर सरकवत पुढे नेलंत आणि नी वर येऊन थांबलात. मींड. गिटारवर पेटीसारखी अडचण नाही, सूर ओढता येतो, हे कळल्याचा आनंद तुमच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. आयुष्यभर पेटी वाजवणाऱ्या बाईला पहिल्यांदा दोन सुरांच्या मधून चालत जायला मिळालं होतं. सर म्हणाले, "ओके, तसंही चालतं. पण आधी पोझिशन शिका." मुलं टाळ्या वाजवायला लागली.

ते फार गोड होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मला मात्र ती उडी आवडली होती. ध संपतो, आणि क्षणात नी समोर उभा. जन्मभर मी भूमिती शिकवली. दोन बिंदू असले म्हणजे ते जोडलेच पाहिजेत, असं मला वाटत नाही. ती मधली मोकळी जागाच त्या स्केलचा जीव आहे, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं बरोबर उलटं, की जागा मोकळी सोडायची म्हणजे काम अर्धवट टाकून उठायचं.

मग रोज दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात सराव आणि रोज तेच भांडण. तुम्ही पोळपाट बाजूला सारायच्या, आपण दोन खुर्च्या समोरासमोर ओढायचो.

"सुषमा, तू सुरांना जिन्यावरून ढकलतेस."

"आणि तुम्ही त्यांचा हात धरून रस्ता ओलांडून देता."

"मग? पडू देऊ?"

"पडत नाहीत ताई. त्यांना उडी मारता येते."

एकदा तुम्ही खरंच चिडलात. चिडलात की तुमच्या तोंडी लहानपणची सटाण्याची बोली यायची, एरवी नाही. "हाई काय शे?" तुम्ही गिटार मांडीवरून खाली ठेवलीत. "तुले काय समजस? मी लहानपणापासून पेटीवर बसले. तू कालची." मी म्हटलं, "कालची आहे. पण हे असंच वाजवणार आहे." तुमच्या तोंडावर मी असं पहिल्यांदा बोलत होते. बरणी वरच्या फळीवर गेली तेव्हा बोलले नव्हते. बारशाला बोलले नव्हते. दोन सुरांच्या मधल्या जागेवरून बोलले. हसण्यासारखं आहे, पण तेव्हा या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं काही असेल, तर ते तेवढंच आहे असं मला वाटलं, आणि ते मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलावणार नाही असं धरून चालले होते. दुपारी खालून आवाज आला, "येतेस ना? चहा टाकलाय."

आपण दुसऱ्या कशाबद्दल बोललो नाही, ताई. तुमच्या भावाला वाटायचं, दोघी इतका वेळ बसतात म्हणजे काय काय बोलत असतील. भावजी गेल्यावर तुम्हाला रात्री झोप लागायची का, हे मी विचारलं नाही. मृण्मयीच का ठरवलं होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. आपण ध आणि नी यांच्याबद्दलच बोललो, आणि त्याच दोन सुरांवरून एकमेकींना बरंच काही ऐकवलं. एक मात्र खरं. तुम्ही नसतात तर मी कंटाळून केव्हाच सोडून दिलं असतं. मुलं येत होती, जात होती, कोणी दोन महिन्यांत गिटार विकून मोकळा होत होता. मी टिकले, कारण तुमच्यासमोर हरायचं नव्हतं. त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे, हे आता निवांतपणे लिहिता येतंय.

पुढे तुम्ही गिटार मंडळात न्यायला लागलात. सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवून काळी चारला आणायची युक्ती तुम्हीच शोधलीत. सरांनीही मान डोलावली. मंडळातल्या एका जुन्या भजनाला तुम्ही या स्केलमध्ये नवी चाल लावलीत आणि बरोबर मधे, जिथे बायका श्वास घेतात तिथे, तुमची ती मींड ठेवलीत. ती ऐकायला म्हणून जेल रोडच्या बायका यायच्या. आहेर मावशी, तुमच्या मंडळातल्या सर्वांत थोरल्या, म्हणायच्या, "रंजनाबाईचं बोट सरकलं की श्वास घ्यायचाच राहतो." मी मागे बसून टाळ वाजवायचे आणि मनात म्हणायचे, उडी मारली असती तर अजून बरं झालं असतं.

मग तुम्ही पलंगाला खिळलात. डॉक्टरांनी हात टेकले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्हालाही असावं. ती सगळी हकिगत लिहायची मला इच्छा नाही. एक दुपार मात्र लिहून ठेवायची आहे.

तुमचा भाऊ औषधं आणायला गेला होता. देवळालीकडे तोफांचा सराव चालला होता, खिडकीची काच मधूनमधून थरथरत होती. तुमच्या बोटांना सूज, तार दाबायची ताकद केव्हाच गेलेली. तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "वाजव."

मी वाजवला. खालून वर, वरून खाली.

"मींड घे."

"नाही."

"एकदा."

"नाही, ताई."

"मी अशी पडलेय, तरी नाही?"

"तुम्ही पडलात म्हणून घेतली तर ती तुम्हाला तरी चालेल का?"

 मला वाटलं, झालं, शेवटी शेवटी दुखवलं मी यांना. मग तुमचा घसा खरखरला. खोकला आला असं वाटून मी पाण्याचं भांडं उचललं, तर तुम्ही हसत होतात.

"बरं," म्हणालात. "मग तुझं तरी नीट वाजव. नी घुसमटतोय."

"कुठे?"

"ध चं बोट कलतंय तुझं. खालच्या तारेला टेकतंय. तार मोकळी नाही, मग नी बोलणार कसा? बोट उभं ठेव."

तुमचे डोळे मिटलेलेच होते. बोट तुम्हाला दिसत नव्हतं. मी खाली पाहिलं, खरंच कलत होतं. इतके महिने मी त्या उडीसाठी भांडत होते आणि ती उडी मला धड मारताच येत नव्हती. सरांनीही कधी टोकलं नव्हतं. तुमच्या मात्र ते पहिल्या दिवसापासून लक्षात असणार, आणि तुम्ही बोलला नव्हतात, कारण तो रस्ताच तुम्हाला मान्य नव्हता.

"परत."

मी परत वाजवला.

"परत. आणि ध ला सोडायची घाई करू नको. नी बोलला की मग सोड. आधी सोडतेस म्हणून तुटतं."

किती वेळा वाजवला, कोण जाणे. काच थरथरायची थांबली होती, बाहेर भाजीवाला ओरडत होता, आणि तुम्ही "परत" एवढंच म्हणत होतात, पेटीवर नव्या बायकांना बसवताना म्हणायच्या तसं. मग एकदा तो आला. ध उभा, स्वच्छ, आणि त्याच्यापुढे नी. मधे ओढलेलं काही नाही, आणि तुटलेलंही काही नाही. मला हवा होता तोच, मी आजवर फक्त कल्पनेत ऐकलेला. मला रडू आलं. मान खाली घालून मी वाजवत राहिले.

"आता बरोबर," म्हणालात.

तुम्ही माझ्या एखाद्या गोष्टीला बरोबर म्हणालात, असं आधी कधी झालं होतं का, हे मला आठवत नाही. झालं असेल तर मी ऐकलं नसेल. तुमचा भाऊ औषधं घेऊन आला, आणि आपण दोघी ताप किती आणि गोळी जेवणाआधी की नंतर, यावर बोलायला लागलो.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी रडले नाही. लोकांना ते खटकलं असेल. माझं रडून झालं होतं.

परवा सकाळी विधी झाले, जेवणं झाली. संध्याकाळी मंडळाच्या बायका आल्या. मंडळातली बाई गेली की तेराव्याला तिच्या घरी बसून तिची भजनं म्हणायची, ही तुम्हीच घालून दिलेली पद्धत. तुमच्या हॉलमध्ये सतरंज्या अंथरल्या. पेटी आणली होती, पण तिच्यामागे बसणार कोण? आहेर मावशी माझ्याकडे वळल्या.

"सुषमाताई, तुम्ही गिटारवर सूर द्या. त्यांनी चाल लावलेलं भजन घेऊ."

मी तारा अर्ध्या सुरानं उतरवल्या. तुमचा भाऊ माझ्या शेजारी येऊन खाली बसला. त्याचे डोळे सुजलेले होते. माझ्या कानाशी म्हणाला, "सुषमा, आज तरी तिच्यासारखं वाजव. ते बोट सरकवून करायची ना, तसं. सगळ्यांना बरं वाटेल."

मी खुंट्या पुन्हा तपासल्या. त्याला दुखवायचं नव्हतं. मला ती मींड येत नाही असंही नाही. तुमच्या समोर बसून इतक्या दुपारी ती ऐकली आहे, घरात कोणी नसताना वाजवूनही बघितली आहे. घेतली असती तर बायकांनी पदर डोळ्यांना लावले असते, तुमच्या भावाला बरं वाटलं असतं, आणि तुमची गोष्ट तुमच्या पद्धतीनं पुरी झाली असती.

बायका गायला लागल्या. ती जागा आली. सगळ्यांनी श्वास घेतला. मी ध वाजवला, बोट उभं ठेवलं, नी बोलेपर्यंत धरून ठेवलं, आणि मग सोडलं.

पुढची ओळ कोणी उचललीच नाही. अर्ध्या बायका मींडीची वाट बघत थांबल्या होत्या. भजन तिथेच थबकलं. तुमच्या भावानं माझ्याकडे पाहिलं. तसं त्यानं माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"मींड राहिली की हो," कोणीतरी मागून म्हणालं.

"राहिली नाही," मी म्हणाले. "हे असंच आहे."

आहेर मावशींनी टाळ मांडीवर ठेवले. आवाज चढला नव्हता, पण त्या नाराज होत्या हे कळत होतं. "रंजनाबाई असत्या ना, तर असं चालू दिलं नसतं त्यांनी. आजच्या दिवशी तरी त्यांचं वाजवायचं."

"त्यांचंच आहे, मावशी," मी म्हणाले. "हे त्यांनीच शिकवलंय मला. पलंगावर पडल्या पडल्या. नीट येईपर्यंत सोडलं नाही."

मावशी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टाळ पुन्हा उचलले.

"मग परत घ्या," त्या म्हणाल्या. "आम्हालाही तसंच शिकायला लागेल."